उलट्या बाजूचा ठिपका

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (खोलीत साष्टांग घालायला जागा नाही, उभ्यानंच घातलाय असं समज.)

तू शिवलेला कोट मिळाला. बाह्या चांगल्या बोटभर लांब आहेत, पण दुर्बिणीच्या खोलीत हीटर लावू देत नाहीत, तेव्हा हातमोज्यांचंही काम भागतं.

मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय, असं बाबांनी तुला सांगितलंच असेल. खरं काय ते ऐक. शेवटच्या ग्रहाच्याही पलीकडे बर्फाचे छोटे गोळे फिरतात. त्यांतल्या काहींची वाट इतकी लांबुळकी, की एकदा सूर्याकडे येऊन गेले की परत फिरकायला हजारो वर्षं लागतात. जवळ असतात तेव्हाच काय ते दिसतात, तेही जेमतेम. इथल्या वेधशाळेतल्या आमच्या सरांचं म्हणणं, या सगळ्या वाटा एकाच बाजूला ताणलेल्या आहेत. म्हणजे अंधारात एक मोठा ग्रह दडलाय आणि तो यांना हाकतोय. त्या ग्रहापायी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. आणि मला सापडलेला गोळा नेमका उलट्या बाजूला जातो.

सर म्हणाले, तू दुर्बिणीतून घेतलेले वेध कच्चे आहेत, आपल्या लेखातल्या आलेखावरून हा ठिपका गाळू. गाळला तर माझा करार वाढेल, हे ते बोलले नाहीत. ते त्यांच्या कारकुनानं चहा पिता पिता सांगितलं. मी म्हटलं, ठिपका राहील.

बाबांना तेवढं आवर. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकू


१९ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझा बाप दुकानात माझ्या मशीनसमोर बसून मजकूर सांगतोय, मी लिहितेय. साहेबाला उलट बोलू नये. तुझ्या बापानं जन्मभर कचेरीत मान खाली घालून काम केलं, म्हणून तू शिकलीस. आभाळात ठिपके काय कमी आहेत? एक गेला तर कुणाच्या बापाचं काय जातं?

इथवर त्याचं. आता तो चष्मा शोधायला घरी गेलाय. चष्मा त्याच्या डोक्यावरच आहे. मी मुद्दाम बोलले नाही.

मला एवढंच सांग, तुझी खात्री आहे की नुसता हट्ट? हट्ट असेल तर सोड, तो आपल्या घराण्याचा रोग आहे. पण खात्री असेल तर कुणाच्या बापाला भिऊ नकोस, माझ्या भावालासुद्धा. मी लग्न न करता दुकान थाटलं तेव्हा हाच दादा वर्षभर माझ्याशी बोलला नव्हता. आता रोज इथंच ठिय्या देऊन असतो.

जेवत जा. आशीर्वाद आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी,
आत्या


३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खात्री आहे. तीन वर्षं त्याच्या मागावर आहे. हट्टही आहे, खोटं कशाला सांगू?

परवा बाहेरगावचे शास्त्रज्ञ आले होते. सरांनी पडद्यावर आलेख दाखवला. माझा ठिपका गायब, पण लेखकांत माझं नाव मात्र शाबूत. मी उठले आणि म्हटलं, ठिपका नसेल तर माझं नावही काढा. सर हसून म्हणाले, बस, आपण नंतर बोलू. मी बसले नाही. फळ्यापाशी गेले, आलेख काढला, उलट्या बाजूला ठिपका दिला आणि वेध कुठले, चूक किती असू शकते, सगळं सांगितलं. चुकलेली रेघ पुसायला तुझ्या कोटाची लांब बाही कामी आली. कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे काहीतरी टिपून घेत होते.

त्याच दिवशी मी माझे वेध इंटरनेटवर जगासमोर मांडले: ज्याला तपासायचे त्यानं तपासावेत. काल टेबल रिकामं करायला सांगितलं, म्हणजे करार संपला.

आत्या, भीती वाटते. मी चुकले असेन तर कुठलंच दार उघडणार नाही. तरी पुन्हा तिथं उभी केलीस तर तेच करीन. बाबांना सांगायचं कसं, ते तूच ठरव. तुझ्याशिवाय आहे कोण?

तुझी,
ठकू


११ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि एक करकचून मिठी.

सापडला! समुद्रापलीकडच्या एका वेधशाळेनं त्यांची जुनी छायाचित्रं धुंडाळली. मी म्हटलं होतं त्याच जागी माझा गोळा आहे. ओट्यापाशी उभी राहून भांडी घासता घासता मी ढसाढसा रडले.

सरांचा ग्रह असेलही. माझं त्याच्याशी वैर नाही. एका ठिपक्यानं तो मरत नाही. पण जे दिसतं ते दिसतं. सरांचा निरोप आला, परत ये, फक्त या गोळ्याला अपवाद म्हणून तळटीपेत टाकू. मी कळवलं, येईन, पण ठिपका आलेखावर माझ्याबरोबर येईल.

सध्या एका लहानशा कॉलेजात शिकवतेय. तिथं दुर्बीण नाही. समुद्रापलीकडच्यांनी त्यांच्या दुर्बिणीवर वेळ देऊ केलाय, तेव्हा गोळा नजरेआड होण्याआधी त्याला गाठीनच.

बाबा बोलतात का माझ्याबद्दल? खरं ते लिही, गोड नको.

तुझी,
ठकू


२६ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

ऑगस्टात मी सगळं सांगितलं तेव्हा तो उठून गेला आणि आठवडाभर दुकानाकडे फिरकला नाही. परवा तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला. मग माझा खडू उचलला आणि कापड बेतायच्या टेबलावर एक भलंमोठं लांबुळकं अंडं काढलं, तुझ्या गोळ्याच्या वाटेचं, उलट्या बाजूला.

तेवढ्यात त्याचे जुने साहेब पॅन्ट आखूड करून घ्यायला आले, तुझं सगळं त्यांच्या कानावर होतंच, आणि म्हणाले, पोरीनं जरा वरिष्ठांचं ऐकायला हवं होतं. तुझा बाप त्यांच्याकडे बघत म्हणाला, साहेब, तुम्हाला यातलं काही कळत नाही. मग साहेबांनी टेबलावर ठेवलेली पॅन्ट उचलून परत त्यांच्याच हातात दिली. म्हणाला, इथं ठेवू नका, पुसलं जाईल.

तुझी,
आत्या