वरच्या सप्तकाचे सूर

छावणी, औरंगाबाद
ता. ९ जानेवारी १९६२

चि. शांतवन यास,
प्रभूमध्ये अ. उ. आ.

नाताळात तू आला नाहीस, त्याचा दोष प्रेमलाला देणार होते. पण तिनं पाठवलेल्या करंज्या खुसखुशीत होत्या, म्हणून गप्प बसते. पोस्टातल्या माणसाला नाताळात रजा मिळत नाही, हे दरवर्षी नव्यानं सांगत जाऊ नकोस.

शेजारचा रामकिसन पुण्याला निघाला आहे. त्याच्या हाती एक डबा धाडते. त्यात आपल्या लुथरन चर्चच्या ऑर्गनमधले वरच्या सप्तकाचे पितळी सूर, म्हणजे त्या हवेनं बोलणाऱ्या जिभल्या, काढून कापसात गुंडाळले आहेत. ते मुके झालेत. मी स्वतः वाजवते तेव्हा लक्षात येत नव्हतं. परवा सुवार्ताला वाजवायला बसवून मी मागच्या बाकावर जाऊन ऐकलं, तर खालचं सगळं दणदणीत आणि वरची चाल गायब! तिथल्या एखाद्या जाणत्या पेटीवाल्याकडून दुरुस्त करून घे.

सुवार्ता म्हणजे पाचोडच्या कारभारीची थोरली. आपल्या मिशनच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाली. माझ्याकडे वकिलांच्या नि साहेबलोकांच्या मुली पियानो शिकतात, पण देवानं बोटांत काही घातलं असेल तर ते या पोरीच्या. तिला अर्थात हे बोलले नाही. खोटी स्तुती मी जन्मात केली नाही आणि खरी केली तीही बेतानंच. पाळकसाहेब म्हणतात, तुम्ही शिफारस द्या, मिशन तिला संगीत शिकायला मद्रासला पाठवील, मग ऑर्गनचा बाक तिचाच.

भाता मारून पाय दुखतात रे आता. पोलीस अ‍ॅक्शन झाली त्या आठवड्यात सगळी छावणी दारं लावून बसली होती, तरी रविवारी मी आणि राखणदार कडूबा, दोघांनी मिळून उपासना चुकू दिली नाही. पण माझ्यामागं कोण, हा घोर लागलाच आहे. या बाकापायी मी लग्न केलं नाही असं तू चिडवतोस, ते काही अगदीच खोटं नाही. म्हणून तर तो चांगल्या हाती जावा.

मुलांना गोड पापा. लोभ आहे, तो वाढव.

तुझी ताई,
अनसूया


पुणे
ता. २८ जानेवारी १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा डबा सुखरूप पोचला. श्रीनिवासराव म्हणून जुने पेटीवाले आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी एकेक सूर ओठाशी धरून फुंकून पाहिला, घासूनपुसून दिला. आता तक्रार राहणार नाही असं म्हणाले. डबा रामकिसनच्याच हाती परत पाठवतो आहे.

थंडीत कानाला रुमाल बांधतेस ना? दिवाळीत मी आलो होतो, तेव्हा कडूबा फाटकातून हाका मारून मारून दमला आणि तू मात्र शांतपणे विणत बसली होतीस. सर्दी जुनी झाली की कानात उतरते. एकदा डॉक्टरांना दाखवलंस तर बरं. रागावू नकोस, आपलं सुचवलं.

ईस्टरला नक्की येतो. पुष्कळ बोलायचं आहे, ते पत्रात नको. तोवर कसलाही निर्णय घाईनं घेऊ नकोस.

प्रेमलाचा नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
शांतवन


छावणी, औरंगाबाद
ता. १७ फेब्रुवारी १९६२

चि. शांतवन यास,
अ. उ. आ.

कानाला रुमाल बांधायला मी काय म्हातारी झाले? धाकट्यानं धाकट्यासारखं असावं.

सूर कडूबाच्या मदतीनं बसवले. सुवार्ताला वाजवायला सांगून मी पुन्हा मागं जाऊन उभी राहिले. पुन्हा तेच! पितळ तर चोख, तूच लिहिलंस. मग उरलं काय? पोरीची बोटं. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी ती दाबतच नाही. एकाच गीताचा तोच तुकडा परत परत वाजवून घेतला. जोर लाव म्हटलं, आपट म्हटलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली की बाई, वाजतंय की. मी अशी कडाडले की नंतर तोंडातून शब्द काढला नाही. मान खाली घालून आपटत राहिली.

शेवटी पाळकसाहेबांसमोर सांगून टाकलं, हिला जमणार नाही. ते चकित झाले, पण माझ्या कानापुढं कुणी बोलत नाही. शिफारस गेली नाही. कारभारी येऊन तिची वळकटी नि पत्र्याची पेटी घेऊन गेला. भला माणूस, एका शब्दानं भांडला नाही. बाईंनी सांगितलं म्हंजी झालं, एवढंच म्हणाला. पाचोडातच स्थळ तयार आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत लग्न उरकतील.

खरं सांगू? मला वाईट वाटतंय. एवढी चूक मी कधी केली नव्हती, एखाद्या मुलीबद्दल इतकी आशा धरण्याची. तू ये म्हणजे बरं वाटेल.

मायेत अंतर नको.

तुझी ताई,
अनसूया


पुणे
ता. १० मार्च १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. फाडता फाडता उपवासकाळ लागला. तेव्हा आता उशीर झाला हे माझ्या मलाच कळतं आहे.

ते सूर बिघडलेलेच नव्हते. श्रीनिवासरावांनी फुंकले, तेव्हा सगळे लख्ख बोलले. दुरुस्त करायला काही नव्हतं. दुकानातच मला कळून चुकलं की बिघाड कशात आहे. पण तुला पत्रानं कसं सांगायचं? ज्या एका गोष्टीवर तू उभी आहेस, तीच मी कशी काढून घेऊ? म्हणून दुरुस्त झाल्याचं भासवलं आणि ईस्टरला समोर बसून सांगीन असं ठरवलं. त्याचा भार त्या मुलीवर पडेल हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

तिची बोटं ठीक असतील, ताई. काय वाटेल ते बोल, पण पत्र पाठव.

तुझा अपराधी,
शांतवन


छावणी, औरंगाबाद
ता. २ एप्रिल १९६२

चि. शांतवन यास,
अ. उ. आ.

रागावले आहे. तुझ्यावर, पण तुझ्यावर थोडं, स्वतःवर जास्त. तू माझ्या धाकानं खोटं बोललास आणि त्या पोरीला माझ्या धाकानं खरं बोलता आलं नाही. असा धाक मी कशाला जमवला असेल?

तुझं पत्र वाचून चर्चमध्ये गेले. भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि कडूबाला भाता मारत वरच्या पट्ट्या एकेक दाबायला सांगितल्या. बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून मी त्याच्यावर खेकसले की थट्टा करू नकोस. वळून पाहिलं तर त्याचं बोट पट्टीवर आणि डोळ्यांत पाणी. बाई, मघापासून वाजवतोय, म्हणाला. मंडळीला पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होतं. मी चुकले की ते मुद्दाम मोठ्यानं गात होते. मला वाटायचं, यंदा मंडळीचा विश्वास वाढला!

पाळकसाहेबांना सगळं सांगून बाक सोडला. मद्रासचं अजून होईल, पोरगी तयार असेल तर, असं ते म्हणाले. म्हणून बाजाराच्या दिवशी एस.टी.नं पाचोडला गेले.

सासर चांगलं आहे. सासू आवडाबाईनं चहा केला, घोंगडी अंथरली. नवरा गरीब स्वभावाचा आहे. सुवार्ता डोक्यावरचा पदर सावरत समोर बसली. मी सगळ्यांदेखत सांगितलं की चूक माझी होती, माझे कान गेलेत, तुझं वाजवणं बरोबर होतं. मोठ्यानं सांगितलं, दोनदा सांगितलं.

शांतवन, तिनं विश्वास ठेवला नाही. ती हसून म्हणाली की बाई लई चांगल्या, माझी समजूत घालायला एवढ्या उन्हाच्या आल्या. पण बाईंचा कान कधी चुकत नाय, मला येतच नव्हतं. मद्रासचं नाव काढलं तर नवऱ्यानं मान डोलावली, आवडाबाईही नको म्हणाली नाही. नको म्हणाली ती एकटी सुवार्ता. तिथं जाऊन मिशनचं नाव कशाला घालवू, म्हणाली.

मग मी लाकडी पाट तिच्यापुढं ओढला आणि म्हटलं, यावर तेच गीत वाजव. तिनं हात ठेवले. पाटातून आवाज येत नाही, तिलाही नाही नि मलाही नाही. म्हणून मी तिचा हात पहिल्यांदा नुसता पाहिला. अनामिका आणि करंगळी जिथं पडायला हव्या तिथंच पडत होत्या. पण वरच्या सुरांची जागा आली की ती थबकायची आणि ती दोन बोटं जोरानं आपटून पुढं जायची. ते गीत तसं नाही रे. तिथं अलगद वाजवायचं असतं, आणि पूर्वी ती तसंच वाजवायची. हे आपटणं मी शिकवलेलं आहे.

मी म्हटलं, असं नको, आधी वाजवायचीस तसं वाजव. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा बोटं आपटली. मग हात मांडीवर घेऊन तिनं माझी माफी मागितली.

ईस्टरला ये. ऑर्गन बंद असेल, मंडळी तशीच गाणार आहे. माझ्याशेजारी बस. जमेल तेवढा लोभ राहू दे.

तुझी ताई,
अनसूया