फाटकावरचा चढ

मु. शिरूर अनंतपाळ
५ ऑक्टोबर २००९

चि. बालाजीस,

तुझ्या दाजीचा रामराम. इकडं सगळे खुशाल. सोयाबीन काढून झालं. हदगावला तुमच्याकडं कापूस फुटला असेल. मागची तीन पत्रं तू न फोडताच परत पाठवलीस. एवढ्या बारीला वाच बाबा, मग फाडून टाक.

तुझी भाची सत्यशीला लातुरात क्लास लावून, एका खोलीत सहा पोरींसंगं राहून इंजिनिअर झाली. आता रस्त्याच्या कामावर आहे. नशीब बघ, पहिलंच काम मिळालं ते आपल्या रेल्वे फाटकावरचा चढ उतरवायचं.

मी गेटमनच्या नोकरीतून रिटायर झालो, तरी दुपारी डुलकी लागली की फाटकावरच असतो. धुकं असतं, रूळ दिसत नाहीत. तुझा ट्रेलर चढाच्या माथ्यावर झोक्यागत हळूहळू हलत असतो, वर ते पिवळं मशीन. रेल्वे काही येत नाही. तू केबिनमधून विचारतोस, "दाजी, येऊ का?" आणि मला जाग येते. उत्तर द्यायचं राहून जातं.

सत्यशीलानं कागदावर चित्र काढून दाखवलं. दर दुरुस्तीच्या खेपेला खडी टाकून रूळ वर उचलतात, दोन्हीकडचा रस्ता मात्र आहे तिथंच राहतो. मधे उंटाची पाठ. लांब, बुटका ट्रेलर आला की पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं, आणि पोट टेकतं रुळावर. "बाबा, मामाची काहीच चूक नव्हती. रस्ताच चुकीचा होता," म्हणाली. मला लई बरं वाटलं. सगळं रस्त्याच्या माथी मारून मोकळं व्हावं वाटलं. मग माझी मलाच लाज वाटली.

त्र्याण्णवच्या भूकंपाला आठवडा झाला होता. ढिगारे उपसायचं मशीन घेऊन तू आलास. असली जड गाडी सोडायच्या आधी स्टेशनला फोन करून विचारायचं, हा नियम. तू खाली उतरून चढ बघितलास. म्हणालास, "दाजी, टेकंल वाटतंय. फोन करता का?" माथ्यावरचे उसाच्या गाड्यांचे ओरखडे मी रोज बघायचो. पण टपरीवर सगळा गाव जमलेला. बायकोचा भाऊ एवढी मोठी गाडी घेऊन आला, आणि त्याला मी चारचौघांत थांबवू? "आमच्या मेव्हण्याला कशाचा फोन!" म्हणालो आणि हात केला. ये, ये.

ट्रेलर माथ्यावर टेकून अडकला. मग मी लाल झेंडी घेऊन रेल्वेच्या दिशेनं पळालो. रेल्वेला ब्रेक लागला, तरी धडक बसलीच. तू उडी मारलीस, पाय कायमचा अधू झाला. मशीन ढिगाऱ्यापर्यंत पोचलंच नाही. आणि जबाबात मी लिहिलं, थांब म्हणालो होतो, ड्रायव्हरनं ऐकलं नाही. तुझं लायसन गेलं. कोर्टात तू नुसता माझ्याकडं बघत उभा राहिलास. बहिणीच्या संसाराकडं बघून एक शब्द बोलला नाहीस.

तारामती दर भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. "भाऊ रुसलाय माझा," म्हणते. सोळा वर्षं मी शेजारी उभा राहून तिच्या तबकातला दिवा वाऱ्यापासून झाकत आलो. काय माणूस म्हणायचं मला!

परवा तिला खरं सांगितलं. ती रडली नाही. "म्हंजे तुमच्या खोट्यापायी मी चंद्राला ववाळून राहिले व्हते?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. काल मात्र चिंचेनं तबक घासत बसली होती.

खरा जबाब लिहून मी रेल्वेच्या साहेबांना पाठवलाय. प्रत सोबत आहे. पेन्शनीचं काय व्हायचं ते होवो.

१९ तारखेला भाऊबीज आहे. चढ आता राहिला नाही, रस्ता लांबवर सपाट झालाय. एसटी फाटकाच्या अलीकडं थांबते. मी पलीकडं उभा राहीन, पण हात करणार नाही. तू दोन्हीकडं नीट बघ. मन झालं तर तुझं तू ये.

तुला "ये" म्हणून हात केलेला,
तुझा दाजी,
पिराजी