ट्रकवाल्याबरोबर पळून गेलेली नोल्फा

वालपाराइसो, टेकडीवरून
गुरुवार

प्रिय एर्मिंदाताई,

तुला वाकून नमस्कार. देवाच्या दयेने तू, आमचे भावजी, तुमची डुकरं आणि बेटावरचे यंदाचे बटाटे सगळे खुशाल असाल. भावजींच्या गुडघ्याला आराम पडला का? (पडला नसेल तर त्यांनी डॉक्टरचं ऐकलेलं नाही, आणि पडला असेल तरी ते कबूल करणार नाहीत, तेव्हा उत्तर नाही दिलंस तरी चालेल.) मी इकडे मजेत आहे. कॅन्सर सोडला तर तब्येतीची काही तक्रार नाही. छातीतली गाठ केमोने आक्रसत चालली आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. केस सगळे गेले. भुवयांपैकी एकच उरली आहे, त्यामुळे मी चोवीस तास कुणावर तरी संशय घेतल्यासारखी दिसते. मध्ये तोंडाची चव गेली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या जागी जी बाई ठेवली आहे, तिच्या हातचं खाऊन मुलांचीही गेली आहे असं कानावर आलं. ऐकून जरा बरं वाटलं.

पण ताई, आजार परवडला, आजारपणाचा भत्ता नको, अशी माझी गत झाली आहे. काम थांबल्यापासून माझं घर त्या भत्त्यावर चालतं हे तुला ठाऊक आहे. तो बंद झाला की मला पुन्हा चुलीपुढे उभं राहावं लागणार, आणि एका हाताला सलाईन लावून दुसऱ्या हाताने तेवढं मोठं पातेलं ढवळता येत नाही. आता त्या भत्त्याचा नियम असा, की रजेवरच्या माणसाने घरी विश्रांती घेत पडलेलं असावं. पडला आहे की नाही हे बघायला तपासनीस कधीही, न सांगता येतो. नियम चांगलाच आहे. फक्त केमो घरी देत नाहीत. तेव्हा मी रुग्णालयात सलाईन लावून पडले होते, आणि नेमके त्याच सकाळी साहेब आमच्या गल्लीच्या पायऱ्या चढून आले. काखेत फाईल, पायात चकचकीत बूट.

तू आमच्या टेकडीवर कधी राहिली नाहीस म्हणून सांगते. इथे फाईल आणि चकचकीत बूट म्हणजे दुकानाचे हप्ते वसूल करणारा माणूस. दुसरा कुणी एवढ्या पायऱ्या चढतच नाही. आणि तो ज्याचं नाव विचारेल तो माणूस घरी नाही असं सांगणं हा आमचा शेजारधर्म. नुसतं नाही म्हणून भागत नाही, तो पुन्हा येतो. माणूस असा गायब करावा लागतो की वसुलीला आलेल्याने त्याचं नावच वहीतून खोडलं पाहिजे. शेजारच्या क्लोरिंदाला मी स्वतः दोनदा मारून टाकलं आहे (एकदा तर मला खरंच रडू आलं, आणि वसुलीवाल्याने आपला रुमाल दिला. तो अजून वापरते). त्या उपकारांची फेड करायला ती टपूनच बसली होती. साहेबांनी माझं नाव घेताच ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि म्हणाली, "नोल्फा? ती कसली सापडतेय आता! ट्रकवाल्याबरोबर पळाली अर्जेंटिनाला. घोडीसारखी ठणठणीत बाई, नाचत गेली!" साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि क्लोरिंदाने खाली झोकात सही ठोकली. संध्याकाळी मी घरी येऊन बादलीत ओकत होते, तेव्हा ती भिंतीपलीकडून ओरडली, "काळजी करू नकोस गं, तुझं काम फत्ते केलंय!" मी ओकता ओकता तिचे आभार मानले.

भत्ता अर्थातच बंद झाला. मी लोकरीची टोपी घालून, वाटेत दर वळणावर बसत, कार्यालयात गेले. खिडकीमागे एक गोड मुलगी होती. तिने विचारलं, तुम्ही घरी का नव्हतात? म्हटलं, रुग्णालयात होते. "म्हणजे घरी नव्हतात," ती समजुतीने म्हणाली. मग कागद वाचून तिने अर्जेंटिनाहून परत कधी आलात ते विचारलं आणि सीमेवरचा शिक्का मागितला. मी गेलेच नाही म्हटल्यावर न गेल्याचा दाखला मागितला. वर म्हणते, "आणि बाई, विश्रांतीच्या काळात तुम्ही आत्ता इथे काय करताय?" मग मात्र मी टोपी काढली. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही आपापल्या टोप्या काढल्या, एकाने तर छातीवर क्रुसाची खूण केली. मी गेले असंच त्यांना वाटलं असावं. मुलगी कावरीबावरी झाली आणि तिने फेरतपासणी लिहून दिली. साहेब पुन्हा येतील. कधी ते सांगता येत नाही. घरीच राहा.

आता आली का पंचाईत! मंगळवारी माझं पुढचं सलाईन. त्याच दिवशी साहेब आले तर भत्ता गेला, आणि घरी थांबले तर इतक्या कष्टाने आक्रसलेली गाठ पुन्हा फुगायची. क्लोरिंदा तर पश्चात्तापाने अर्धी झाली (अर्धी म्हणजे आता आपल्याएवढी). ती सकाळपासून पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसते आणि दिसेल त्या फाईलवाल्याला दंडाला धरून माझ्या पलंगापाशी आणते. आधी दोन धर्मप्रचारक आणले. त्यांनी माझ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना केली, पण उठायचं नाव घेईनात. मग दफनभूमीतल्या जागा विकणारा आणला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात दरपत्रक. तिसऱ्याला तिने कोंबडीचं काझुएला वाढलं, माझी टोपी काढून डोकं दाखवलं आणि म्हणाली, "बघा साहेब, लिहा! ही कुठे पळतेय? आणि साक्षीदार म्हणून माझंही नाव घाला, पत्त्यासकट." त्याने नाव घातलं, सूप संपवलं, बोटं पुसली आणि तिच्याच फ्रिजचे थकलेले हप्ते मागितले. फ्रिज गेला, ताई. तिचं लोणी आता माझ्या फ्रिजमध्ये आहे.

सगळ्यांना नमस्कार सांग. डुकरांनाही.

तुझीच,
नोल्फा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तू मंगळवारच्या आत इकडे ये. आपल्या दोघींचं तोंड सारखं, आणि नाक तर आईने एकाच साच्यातून काढलेलं. मी रुग्णालयात गेले की तू माझी टोपी कानांपर्यंत ओढून माझ्या पलंगावर पडायचं. कुणी आलंच तर कण्हायचं. जास्त बोलायचं नाही (हे तुला जमणार नाही, म्हणून आधीच सांगते). एक भुवई काढावी लागेल. ती परत येते म्हणतात.

ता. क. २. क्लोरिंदाने माझ्या खांद्यावरून हे वाचलं आणि म्हणाली, खरं लिही, नाहीतर मी लिहिते. बरं. तपासनीस साहेब कालच येऊन गेले. मी पलंगावरच होते, बादलीसकट. त्यांनी ट्रकवाल्याची चौकशी केली, तेव्हा क्लोरिंदाने मान खाली घालून सांगितलं, "साहेब, तो ट्रकवाला माझ्या मनातला होता." भत्ता सुरू झाला. तेव्हा पलंगावर पडायला कुणी नको आहे. पण सलाईनच्या खोलीत प्रत्येकीशेजारी एक खुर्ची असते. तिच्यावर कुणाची मुलगी बसते, कुणाची बहीण. माझ्या खुर्चीवर माझा कोट असतो. (क्लोरिंदा एकदा आली होती. सुई बघून तिलाच चक्कर आली आणि सगळ्या नर्स तिच्याभोवती.) बटाटे काढून झाल्याशिवाय येऊ नकोस असं मागच्या पत्रात मीच लिहिलं होतं. पण ताई, तू माझं ऐकायला कधीपासून लागलीस? मला फार भीती वाटते गं. नुसतं 'ये' असं लिहायला हात धजेना, म्हणून तपासनीसाला मध्ये घातलं.

ता. क. ३. येताना हातात फाईलसारखं काही धरू नकोस, आणि बुटांचा चिखल पुसू नकोस. तरीही क्लोरिंदा सवयीने सांगेलच, की नोल्फा अर्जेंटिनाला गेली. ऐकू नकोस. सरळ आत ये. मी घरीच आहे.