मॅडमचं पोट भरत नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा भूक. आत्ताच तर प्यायली! खांद्यावर घेऊन थोपटलं, ढेकर काढला, हळूच झोळीत ठेवलं — आणि डोळे टक्क उघडे. तोंड इकडे वळव, तिकडे वळव. माझ्या गाऊनची बाही हाताला लागली तर तीच चोखत बसली.

मी तिला मॅडम म्हणते. नाव अजून ठेवलेलं नाही. हितेश बोटीवर आहे, तो आला की बारसं. कधी येणार? मासळी भरली की. मासळी कधी भरणार ते मासळीला विचारा.

बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले. तेवढ्यात तिनेही सूर लावला. निवांत रडायलाही मिळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मुशी. काल मुशी, आज मुशी. हितेशच्या आईला अख्खा कोळीवाडा बायजाबाय म्हणतो, मी हितेशसारखं आय म्हणते. तर आयचं म्हणणं, बाळंतिणीने मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, खाल्ली की दूध फुटतं. लसूण घालून पातळ रस्सा, तिखटाचं नाव नाही. "पी गो, गरम हाय तवर पी." समोर बसून वाटी रिकामी करून घेते.

आमच्याकडे नालासोपाऱ्याला मासे फक्त रविवारी, तेही तळलेली सुरमई. अर्नाळ्याला येईपर्यंत मला बोंबील आणि मांदेली सुद्धा वेगळी ओळखता येत नव्हती.

म्हणजे माझं दूध पुरत नाही, असं आयला वाटतं. तोंडाने बोलत नाही. वाटीत वाढते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाय टाकायचा नाही. खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच माझं जग — समोरचा नळ, त्यापलीकडे बोंबील वाळत घातलेल्या काठ्या, आणि तिथे काम करणाऱ्या बायका. दिवसभर बोलत असतात. वारा इकडे वळला की हसणं ऐकू येतं, कशावर हसल्या ते ऐकू येत नाही. कधीकधी वाटतं, माझ्यावरच. "बायजाच्या सुनेला पोर सांभाळता येत नाय."

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझ्या मैत्रिणी सगळ्या माहेरी गेल्या. आई न्हाऊ घालते, बाबा डिंक आणतात, आणि ही बाळंतीण लाडू खात मोबाईल बघते. पप्पा मात्र लग्नाच्या दिवशी म्हणाले होते, आता इकडचा रस्ता विसर. रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. विसरायला फार काही नाही.

मॅडम संध्याकाळभर चिकटलेली. पाठ मोडली. एक बाजू, मग दुसरी, मग पहिली. सोडलं की किंकाळी. मी काय करू सांग ना मला! तिला विचारलं. ती माझ्याकडे बघून ओठ चाटत होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

मम्मीचा फोन. पप्पा सातिवलीला कंपनीत गेले की करते. मागे मिक्सर लावून बोलते, शेजारच्यांना कळू नये म्हणून.

"रडतंय का गं ते?"

"भूक आहे तिला."

"सारखी? मग तुझं पुरत नसेल. हळीवाची खीर घे. आणि ते मासे कमी कर बाई, बाळाला वास येतो दुधाला."

इथे मासे खा, तिथे मासे खाऊ नको. पुरत नाही यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज चांगला दिवस! आरोग्य केंद्राच्या आशाताई वजन करायला आल्या. मॅडमला त्या झोळीच्या काट्यात घातलं तर तिने तोंड असं केलं, बाजारात कुणीतरी भाव पाडून मागितल्यासारखं. आशाताई म्हणाल्या, छान वाढलंय, काळजी करू नका, अंगावरचंच चालू ठेवा. मी दोनदा विचारलं. "नक्की ना?" "अहो, काटा खोटं बोलतो का?"

म्हणजे येतंय दूध. पुरतंय! आय चुलीपाशी होती, तिलाही ऐकू गेलं असणार. मुद्दाम मोठ्याने बोलले.

सकाळचं तर बरंच सुधारलं आहे. आय तिला आंघोळ घालते, मागच्या ओट्यावर कोवळ्या उन्हाला घेऊन बसते, मी तेवढ्यात आडवी होते. परत आणते तेव्हा मॅडम गाढ झोपलेली. मुठी सुटलेल्या. मग आय टोपली घेऊन विरारच्या बाजाराला जाते आणि आम्ही दोघी दुपारपर्यंत गुपचूप. आयच्या हातात काहीतरी आहे. शिकून घ्यायला हवं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हितेशचा मेसेज. बोट किनाऱ्याजवळ आली तेव्हा रेंज मिळाली असेल. "कशी आहे माझी वाघीण?" कोणती वाघीण, ते विचारायच्या आत रेंज गेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एका हाताने मॅडमला धरलंय. तरी लिहिते.

सकाळी झोप लागली नाही. तहान लागली म्हणून उठले, मागच्या दाराशी गेले. आमचा आणि शेजारचा ओटा एकच आहे, सलग. आय लसूण सोलत होती. शेजारची शर्लिन पायरीवर बसली होती. तिचा ॲन्सेल्म — एवढंसं पोर आणि केवढं नाव, माझ्या मॅडमपेक्षा जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी मोठा — आयच्या मांडीवर लोळत होता. आणि शर्लिनच्या पदराखाली मॅडम.

पीत होती. गटागट. गिळल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.

कुणी दचकलं नाही. कुणी पदर ओढला नाही. शर्लिन माझ्याकडे बघून हसली. "उठलीस वयनी? पोरगी लय हावरट हाय हां तुजी."

मॅडमचे पाय कसे सैल सोडलेले. माझ्याकडे पिताना कधी असे नसतात.

मी मॅडमला ओढून घेतलं. अक्षरशः ओढून. ती किंचाळली. मी आत आले आणि दार लावलं.

ते वजन माझं नव्हतं तर. शर्लिनचं होतं. आणि मी वेडी आयला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलत होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आयशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, माझ्या मुलीला मला न विचारता दुसऱ्या बाईच्या अंगावर कसं लावता? आशाताईंना कळलं तर? काही आजार लागला तर? आणि मला दूध नाही असं वाटत होतं तर तोंडावर सांगायचं होतं, अख्ख्या गल्लीला का दाखवायचं?

आय खरंच गोंधळली. तिला वाटलं मला माहीत आहे. "अगो, मागं बसतो आमी, उघड्यावर. चोरून केला काय?" मग म्हणाली, "हितेश कोनाकोनाचं पिलाय, इचार त्याला. मी टोपली घेऊन पहाटं जायची. ज्युलियसच्या बायकोनं पाजलाय, पल्याडच्या मावशीनं पाजलाय. मी बी त्यांची पोरं पाजली. हितं कोन इचारीत नाय. रडला का घेतला."

ज्युलियस म्हणजे शर्लिनचा सासरा. म्हणजे तिची सासू हितेशची — काय म्हणायचं त्या नात्याला?

"मला दूध नाही म्हणून ना?" मी विचारलं.

"दूध नाय असा कोन बोलला? रातभर जागी असतेस. म्हटला घटकाभर झोपशील."

मी विश्वास ठेवला नाही. मग ती मुशी कशाला? म्हटलं, यापुढे मॅडमला कुणी न्यायचं नाही. ती माझी आहे.

आय बराच वेळ लसणाची सालं गोळा करत होती. "बरां," म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पप्पा बाहेर गेले असावेत, मम्मीने मिक्सर न लावता फोन केला. सगळं सांगितलं. मम्मी माझ्याहून चिडली. "शी! कोणाचं काय, कसले संस्कार. आपल्यात असलं कधी झालं नाही. तिथे राहतेस तरी कशी तू?"

वाटलं, आता म्हणेल. ये इकडे, मी बघते. पप्पांना मी सांगते. मोबाईल कानाला दाबून धरला होता.

"चल, कुकरची शिट्टी झाली," म्हणाली.

मला आई हवी आहे. एवढं मोठं होऊन, स्वतःच्या मुलीला मांडीवर घेऊन, मला आई हवी आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आयने शब्द पाळला. आंघोळ घालते, पुसते, माझ्या हातात देते, आणि मागचं दार ओढून घेते. मुशी अजून करते. समोर बसत नाही. वाटी झाकून ठेवून जाते.

मागच्या ओट्यावरून बोलण्याचा आवाज येत नाही आता. शर्लिन पुढच्या बाजूने जाते. नळावर दिसली, मान खाली घालून पाणी भरत होती. मी खिडकीत आहे हे तिला माहीत होतं.

मॅडम सकाळपासून अंगावर. आय बाजारात. घरात फक्त तिचं रडणं आणि भिंतीवरचं घड्याळ. दुपारी वाटलं, मी हिला खाली ठेवून सरळ चालत सुटेन, समुद्रापर्यंत, आणि मागे बघणार नाही. मग ती रडता रडता थांबली, उचकी दिली, माझं बोट धरलं. लाज वाटली.

जिंकले मी. पूर्ण माझी आहे. भूक सुद्धा पूर्ण माझी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मेडिकलवाल्याकडून पावडरच्या दुधाचा डबा मागवला. फोडला नाही. फ्रिजवर ठेवलाय. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आयला विचारलं, तुम्ही दुसऱ्यांची मुलं पाजायच्या, तेव्हा हितेशला कमी नाही पडलं?

आय कोळंबी सोलत होती. "पोर ओढल तसा येतो गो," म्हणाली. "विहीर का ती, उपसून संपाया?" इतक्या दिवसांनी तिने माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्याखाली काळं झालंय तिच्या. म्हणजे रात्री तीही जागी असते, पलीकडच्या खोलीत, दार बंद करून.

डबा अजून फ्रिजवर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी भिंतीपलीकडे ॲन्सेल्म रडायला लागला. शर्लिन आयबरोबर बाजारात, दोघी अजून यायच्या होत्या. रडणं थांबेना. ज्युलियसकाकांचा आवाज येत होता, "आली हां, आली तुजी आय, आली." मग त्यांचाही घसा बसला.

मॅडम नुकतीच झोपली होती. मी मागचं दार उघडलं, ओटा ओलांडला. काकांनी काही विचारलं नाही. पोर माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

प्यायला. आधी रागाने, मग हळूहळू. मग तोंड सुटलं, मान मागे पडली, झोपला. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं. एवढं दांडगं पोर, पोट भरून झोपलं.

माझ्या दुधावर.