लाडीची कडू पूड

३ मार्च
आजही लाडीनं तोंड फिरवलं! गाभण गाईंची ती पूड – कडूजहर. मी जिभेला लावून पाहिली, दोनदा चूळ भरली. विण्याआधी तीन आठवडे रोज द्यायची. सून मापून ठेवते, खाऊ घालायचं काम माझं. वर तंबी – "आई, लाड नकोत हं! आणि दुभत्यांच्या डब्यातलं कॅल्शियम तर आत्ता मुळीच नको."

५ मार्च
घातलं. दुभत्यांच्याच डब्यातलं. चाटूनपुसून खाल्लं पोरीनं! आई होणार ती, तिला कॅल्शियम नको? पूड उकिरड्यात.

१४ मार्च
अजून तसंच चाललंय. सून म्हणाली, "आई, तुमच्या हातचं बरं खाते!" मी हसले.

२२ मार्च
सकाळी व्याली. कालवड! दुपारी लाडी बसली ती उठेचना. मान पोटाशी वळलेली, कान गारगार. डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडलं. म्हणाले, "आधी आयतं कॅल्शियम मिळालं, की शरीर हाडांतलं काढायचं विसरतं. दूध उतरलं की ते एकदम कमी पडतं."
मुलगा सुनेवर उखडला – "डबे एकासारखे एक! कुठला उघडतेस ते बघतेस तरी का?"
ती गाईची मान मांडीवर धरून बसलेली. मी गरम पाण्याची बादली घेऊन उभी. पण मी गप्प!

२३ मार्च
अजून बसलेलीच. दुसऱ्यांदा औषध दिलं.
लहानपणी शाळेत सिस्टर मला रोज टॉनिक द्यायच्या. मी ते कुंडीत ओतायची. रोप जळलं, आणि शिक्षा म्हणून बाकावर उभी राहिली माळ्याची मुलगी. तिच्या सॅंडलचा तुटलेला पट्टा अजून दिसतो मला. तेव्हा नऊ वर्षांची होते. आता काय सबब?
सून जेवली नाही. मी मात्र जेवले.
उद्या सांगायचंच.

२४ मार्च
लाडी उठली! धडपडत, पण उठली.
मी गोठ्यात गेले, म्हटलं, "अगं, ती पूड मी..."
सून कालवडीला पुसत होती. वर न बघता म्हणाली, "माहितेय, आई. परवाच उकिरड्यात दिसली. डॉक्टरांना मी लगेच सांगितलं – डबा माझ्याकडून चुकला."