धमणीतलं पिस्तूल

माघ वद्य द्वितीया

दिंद्रुडच्या बाजारात आज इज्जत गेली. आप्पाराव पाटलानं नवी मोटार आमच्या धमणीमागं, बैलगाडीला खेटून, आणून भोंगा वाजवला. बैल बुजले, धमणी कलंडली, मी शेणाच्या ढिगात. सगळ्यात आधी कोण हसलं? आप्पाराव. वर विचारतो, "सुंदरराव, लागलं का कुटं?" लागलं. काळजाला लागलं.

सूड घेणार. होळीच्या आत.

माघ वद्य सप्तमी

बीडहून पिस्तुलाचा परवाना आला. अर्ज रानडुकरांसाठी केलता. आप्पाराव त्यातच धरावा.

आधी माजलगावच्या वकिलाला कायदा विचारला. आपण अडाण्यासारखं तुरुंगात जाणाऱ्यातले न्हाई. वकील म्हणाले, वाहनात पिस्तूल रिकामं पाहिजे. पेटीत, कुलूपबंद. गोळ्या वेगळ्या. परवाना अंगावर. बाजारात, जत्रेत अजिबात न्यायचं नाही. मी सहज विचारलं, माणसाला नुसतं दाखवलं तर? त्यांनी चष्मा काढला. "दाखवणंसुद्धा..." असं काहीतरी म्हणत होते. तोवर मी जिना उतरलो होतो.

माघ वद्य नवमी

बंदोबस्त पक्का. पेटी धमणीत बैठकीखाली. गोळ्या पुढं गाडीवान धुळाजीपाशी, भाकरीच्या फडक्यात. किल्ली माझ्या करगोट्याला. कायद्यात बसून सूड घेणारा माणूस या मुलखात दुसरा न्हाई.

आमच्या मंडळींना, कौशल्याबाईंना, सगळं करून दाखवलं. घरची माणसं कौतुक करतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आन् तंवर आप्पाराव तितंच थांबंल का?"

बायकांना डावपेच कळत न्हाईत.

माघ अमावास्या

सडकेला बाभळीखाली दबा धरला. मोटार आली. करगोट्याची गाठ सुटेना. मोटार गेली. धूळ लई होती, न्हाईतर आजच निकाल लागला असता.

उद्यापासून किल्ली खिशात.

फाल्गुन शुद्ध तृतीया, दुपार

आज धमणी सडकेवर आडवीच लावली. मोटार थांबली. आप्पाराव उतरला. "कावून आडवी लावली, सुंदरराव?"

मी म्हणालो, "माफी माग. बाजारातली."

"मागतो की. चुकलं माजं. मीच येणार हुतो घरी."

हे काय झालं? पिस्तूल निघायच्या आधीची माफी कशी धरावी? मी म्हणालो, थांब. पेटीचं कुलूप धुळीनं अडकलं होतं. त्यानंच मोटारीतलं तेल आणून सोडलं. (दुष्मनाची मदत घेऊ नये हे खरं. पण तेल चांगलं होतं.)

उघडलं एकदाचं. धुळाजीकडून गोळी घेतली, खाली उतरलो, भरली, "आता माग!" म्हणून ओरडलो. तेवढ्यात पिस्तूल आपोआप उडालं. आभाळात. बैल उधळले. धमणी, धुळाजी, पेटी, ऊन म्हणून काढून ठेवलेला कोट आणि कोटातला परवाना, सगळं सिरसाळ्याच्या वाटेला लागलं. भर सडकेत मी, हातात धूर निघणारं पिस्तूल. आवाज ऐकून पोलीस नाक्यावरचे अमीनसाहेब घोड्यावर आले.

फाल्गुन शुद्ध चतुर्थी

ठाण्यात अमीनसाहेब म्हणाले, वाहन न्हाई, पेटी न्हाई, परवाना न्हाई. त्यात माणसावर रोखलं असेल तर सरळ सजा. कुणावर रोखलं?

मी छाती पुढं काढून आप्पारावाकडं बघितलं. मनात म्हणालो, सांग. होऊ दे मला सजा. पण हा पाटील मला भ्याला, एवढं सगळ्या जिल्ह्याला कळू दे.

आप्पाराव हात जोडून म्हणाला, "माज्यावर? छे, साहेब. कुणावरच न्हाई. यांच्यापासून कुणाला कायबी धोका न्हाई. मी जामीन राहतो."

पिस्तूल जप्त झालं. मला सोडलं. पण त्याआधी अमीनसाहेबांनी मला एकदा पागोट्यापासून जोड्यांपर्यंत न्याहाळलं.

लगेच पटलं त्यांना.