विंचवाच्या नांगीजवळ एक ठिपका जास्त

प्रिय नूतन,

मग, बसली काय आजही आतल्या खोलीत दार लावून? फोनवर किती समजावलं, पण तुझं एकच. माझी माय म्हणते, आभाळात नवा तारा पेटला, पोटुशीनं त्याच्या उजेडात यायचं नाही. सातवा महिना, असा उकाडा अन् चार दिवस कोंडून! दवाखान्याची तारीखही चुकवली. वर मलेच विचारते, मागच्यासारखं झालं तर? त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवून राह्यलो. सातवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तो तारा मी पाहिला. इथं लडाखात दुर्बिणीच्या डोंगरावर सिमेंटचं काम चालते. सूर्य बुडाला की आम्हाले साधी बॅटरी लावायचीही मनाई. सोमवारी अंधारात भांडे घासताना मान वर केली, तर विंचवाच्या नांगीजवळ एक ठिपका जास्त. धानाच्या बांधीवर झोपून लहानपणापासून पाहिलेला ताऱ्यांचा विंचू आहे तो, मी चुकणार नाही. पातेलं हातातच राह्यलं. आभाळ म्हणजे कायमचं, असं मी धरून चाललो होतो, नूतन. त्यात एका दिवसात भर पडते, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं.

दुर्बिणीवरच्या वैदेही मॅडम नागपूरच्या. भीत भीत विचारलं, हा अपशकुन आहे काय? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा नवा नाहीच. दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. एक फुगलेला, दुसरा विझून लहानसा झालेला. लहाना मोठ्याचा वायू ओढून अंगावर घेत राहतो, वर्षानुवर्षं, थरावर थर. मले आपल्या कटंगीच्या राईस मिलमागचा कोंड्याचा ढीग आठवला, वरून थंड अन् आत धुमसणारा. मग एक दिवस ताऱ्यावरचा तो सगळा थर एकदम पेटतो. तारा मरत नाही. थोड्या दिवसांत उजेड ओसरतो अन् दोघं फिरतच राहतात. हे केव्हा झालं, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "गजेंद्र, हा उजेड निघाला तेव्हा तुझं गावही वसलं नव्हतं."

मी तिथंच दगडावर बसलो. इतक्या वर्षांपासून जो उजेड चालून राह्यला, त्याले तुझ्या पोटातल्या आपल्या लेकराचा पत्ता कोण देईल? अन् ग्रहणाच्या सावलीले तरी कोणी दिला होता?

आता ज्याच्यासाठी लिहिलं ते. हे एकटी वाचू नको, मायले समोर बसवून मोठ्यानं वाच. माय, गेल्या साली चंद्रग्रहणाचे वेध लागल्यावर नूतननं दोडका चिरला म्हणून लेकरू गेलं, असं तू साऱ्या आळीत सांगितलं. ती नाहीच म्हणत होती. मी तुमसरहून उपाशी आलतो, मीच हट्टानं विळी तिच्यापुढं ठेवली. डॉक्टरीणबाईनं मले सांगितलं होतं की हिच्या अंगात रक्त कमी आहे, तेही मी घरी बोललो नाही. तू तिले बोलत होती अन् मी वर्षभर खाली मान घालून ऐकत होतो. नूतन, माफी मी मायसमोरच मागतो. उद्याच दोघी बालाघाटच्या दवाखान्यात जा. येताना दिवेलागणी होईल, तेव्हा तारा ओसरायच्या आधी दक्षिणेकडं पाहा. गाडीभाडं अन् तपासणी धरून तुझ्या खात्यावर सहा हजार चारशे रुपये टाकून राह्यलो.

तुझाच
गजेंद्र